अर्धं की पाऊण

रेशन सुरू झालं त्याच साली सासूबाई गेल्या आणि आमच्या अनगोळच्या घरातलं धान्य मापायचं चिपटं माझ्या हाती आलं. त्या ज्वारी मुठीनं काढायच्या, उरलं तर कुत्र्याला घालायच्या. मला असलं ढिसाळ काम खपत नाही. माणशी दिवसाला एक चिपटं, वर बोट फिरवून सपाट. हे, दोन पोरं आणि मी, म्हणजे चार चिपटी. शनिवारी डबा रिकामा व्हायचा आणि त्याच दिवशी कार्डावरचं नवं धान्य यायचं. गल्लीतल्या बायका उसनं मागत फिरत. मी कुणाच्या दारात गेले नाही, याचा मला तोरा होता.

मार्गशीर्षात नणंद मनुबाई आली. खानापूरकडच्या गावाहून, पहिल्या बाळंतपणाला. सातवा महिना, पाय सुजलेले, बोचक्यात बाळाची दुपटी. तिकडचं भात सरकारनं लेव्हीत नेलेलं, शिवाय वाटेत नाक्यावर धान्य अडवत, म्हणून रिकाम्या हातानं आली. आमच्या कार्डावर तिचं नाव नव्हतं.

माहेरी आलेल्या लेकीसमोर धान्य मापू नये, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण ती चुलीपाशीच बसलेली आणि शनिवार चार दिवस लांब. चार चिपटी काढली. पाचव्याला हात अडला.

"मनुबाई, तुमचं किती घालू? अर्धं की पाऊण?"

वाया जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. ती माझ्या हाताकडं बघत राहिली.

"मला भूक न्हाय, वैनी. वाटंत खाल्लंय."

सकाळी ती परत निघाली. "सासूला एकटीला जमंना," असं भावाला सांगितलं. यांनी अडवलं, मी नाही. उलट मला हायसं वाटलं. आता लाज वाटते, पण तेव्हा वाटलं खरं.

बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. मनुबाईला अंथरुणातून उठायला तीन महिने लागले.

पुढच्या भाऊबीजेला ती आली. मी न मापता पीठ काढलं, भाकरी थापल्या, होतं नव्हतं ते तूप वाढून हाक मारली. ओ आली नाही म्हणून सोप्यात गेले. पोरीला मांडीवर घेऊन, फडकं सोडून, ती सासरची शिळी भाकरी खात होती.

"मी माझं आणलंय, वैनी. पोरांस्नी कमी पडाय नगं."

आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी पाया तरी पडले असते.