मीठ मध्यापर्यंत पोचलं नाही

मी एक जुनी विळी आहे, मित्रांनो, तलासरीकडच्या एका पाड्यावरची. गंजले आहे, पण मला बोलू द्या. बारकीचं नाव आता इथे कोणी काढत नाही.

बारकीच्या आईने, भिकीने, मला डहाणूच्या बाजारातून आणलं. शिंगाळा म्हणजे जाड अंगाचा मासा. त्याचे पातळ काप करायचे, मीठ चोळायचं नि उन्हात वाळवायचं, हे आमचं काम. शेजारणी म्हणायच्या, विळी असावी तर भिकीची! मी काय मिरवायचे तेव्हा!

२०१८ च्या दिवाळीनंतर जमीन हलू लागली. भिंतींना भेगा पडल्या. माणसं अंगणात ताडपत्रीखाली राहायला गेली आणि मी आत एकटी राहिले. प्रत्येक धक्क्याला चुलीपाशी थरथरायचे.

तेव्हाच भिकीने शिंगाळा आणला. तिची थोरली लेक सुकी मला न्यायला उंबऱ्यापर्यंत आली होती, पण घर कोसळेल म्हणून भिकीने तिला मागे ओढलं. मग सुकीने मासा अख्खाच मिठात घातला. वरून तो छान वाळला. धाकट्या बारकीला मधला मऊ भाग आवडायचा, तो सुकीनेच तिला भरवला. बारकी आजारी पडली ती उठलीच नाही. पोरीचा हातच वाईट, असं पाडा कुजबुजू लागला. भिकीही सुकीशी बोलेनाशी झाली.

धक्के कमी झाल्यावर भिकीने मला बाहेर काढलं. शाळा झाडाखाली भरत होती. पेशी एवढ्याशा का असतात, हे दाखवायला शाळेतल्या अहिल्याबाईंना विळी हवी होती. भिकी मला घेऊन स्वतः गेली.

बाईंनी बटाट्याचा एक मोठा आणि एक छोटा तुकडा जांभळ्या पाण्यात भिजत ठेवला होता. माझ्यावर दोन्ही चिरले. छोटा आतपर्यंत जांभळा झाला होता. मोठा मध्ये पांढराफटक होता.

"पेशीचं अन्नपाणी तिच्या बाहेरच्या आवरणातूनच आत जातं," बाई म्हणाल्या. "पेशी फार वाढली, तर ते मध्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ती लहानच राहते."

सुकी त्या पांढऱ्याकडे बघत राहिली. "बाई, आमचा मासा असाच होता," ती हळूच म्हणाली. "मी मीठ खूप घातलं होतं, पण ते मध्ये गेलंच नाही. आतून तो नासला."

भिकी पुढे आली. "सुके, तू विळी आणायला निघाली होतीस. मीच तुला आत जाऊ दिलं नाही."

तिने सुकीला जवळ ओढलं. दोघी खूप रडल्या.

आता मी उंबऱ्याबाहेर असते. भिकी काप इतके पातळ करते, की त्यांतून ऊन दिसतं. संध्याकाळी कधी बारकीचं हसणं ऐकू येतं, आणि माझं पातं गार पडतं. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, पण घराच्या आत ठेवू नका.