कानांची देणगी

कुलपं दुरुस्त करणाऱ्या काकांनी दुकान विकलं, तेव्हा त्यातली थोडी रक्कम गावाच्या मदतनिधीला दिली.

"कशासाठी वापरू? गरज कुणाला आहे ते आम्ही शोधतो," निधीच्या बाई म्हणाल्या.

"म्हाताऱ्यांना श्रवणयंत्रं द्या. पण माझं नाव कुठेही नको."

दवाखान्याने नाव सुचवलं आणि पहिलं यंत्र मिळालं ते नेमकं काकांच्याच घरात राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, आक्काला. आजवर काका आक्कासमोर खुशाल पुटपुटायचे. त्या सकाळीही चहा पिताना ते पुटपुटले, "यापेक्षा भांडी धुतलेलं पाणी बरं!"

"मग उद्यापासून तेच पी," आक्का म्हणाली.

काका तडक निधीच्या कचेरीत गेले. "यंत्र परत घेता येतं का हो?"

बाई हसल्या. "एकदा दिलं ते दिलं, काका."

घरी आक्का म्हणाली, "कोण देवमाणूस असेल रे तो! नाहीतर तू! जन्मात कुणाला छदाम दिला नाहीस."

खरं काय ते काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी आपलं गुपित राखलं. मग ते आक्काशेजारी बसले आणि कित्येक वर्षांनी दोघं न ओरडता गप्पा मारत राहिले.