दारापासून चित्रापर्यंत

चित्रात सात शर्ट होते, दोन चादरी, एक टॉवेल, अकरा चिमटे आणि बाबा. ही मोजणी सकाळी नऊची. साडेदहाला बाबा नव्हते, बाराला परत आले, दोन वाजता त्यांचा एक हात आणि मान एवढंच उरलं.

विषय रोजचाच. निवृत्त झाल्यापासून गच्चीवर कपडे बाबाच वाळत घालतात. ताईने त्याचं चित्र काढायला घेतलं आणि कात्रीत सापडली. बाबा स्पष्ट दिसले की चित्र कॅलेंडरवरचं वाटायचं, पुसले की नुसते पट्टे. तिला हवं होतं ते असं: दारातून पाहणाऱ्याला फक्त रंग दिसावेत आणि पुढे येता येता, मीटरभर अंतर उरायच्या आत, माणूस सापडावा. चार वाजता प्रदर्शनाचा टेम्पो येणार होता. तिचं हे पहिलंच प्रदर्शन. तरी चित्र जमलं नाही तर पाठवणार नाही, असं तिने सांगून टाकलं होतं.

तिची तपासायची पद्धत म्हणजे आम्ही. दर अर्ध्या तासाने हाक यायची. आई दारातूनच म्हणायची, हे काय, तुझे बाबा. ताईने चित्रातला हातही पुसला, तरी आईला बाबा दिसले. बाबांनी तर कंबरदुखीसुद्धा हुबेहूब उतरलीय म्हणून सांगितलं. ताईचा फडका उरलेल्या मानेकडे गेला तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"थांब. चूक चित्रात नाही, आमच्यात आहे. आई तीस वर्षं त्यांना बघतेय. तिला नुसता चिमटा दाखवलास तरी ती बाबाच म्हणेल."

"मग कुणाला विचारू, भिंतीला?"

"ज्याने बाबांना कधी पाहिलं नाही त्याला."

टेम्पोवाला दहा मिनिटं आधीच आला. बाबांना आम्ही स्वयंपाकघरात बसवून दार लावून घेतलं. टेम्पोवाल्याला खोलीच्या दारात उभं करून काय दिसतं ते विचारलं. पट्टे, म्हणाला, आणि चित्र आडवं न्यायचं की उभं, याची चौकशी करू लागला. मी त्याला सावकाश पुढे यायला सांगितलं, वेगळं काही दिसलं तर थांबायचं. चित्रात माणूस आहे याबद्दल शब्दही काढला नाही. ताई कोरडा ब्रश पुसत राहिली.

तो चालत आला, थांबला, मान तिरकी केली.

"हे काका कपडे वाळत घालतायत का?"

त्याच्या बुटाच्या टोकापासून कॅनव्हासपर्यंत मी टेप लावली. एक मीटर बासष्ट सेंटिमीटर.