चुन्याचा उजेड

"तुम्हाला लाइमलाइटमध्ये यायची फार हौस दिसते, पद्मजाबाई," म्हणत साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला. "शनिवारी बायकांना सांगून टाका, दिव्यांची मागणी मागे घेतली म्हणून. मग तुम्हाला कायम करायचं बघू."

पद्मजाला शब्द कळला नाही, पण त्यातला डंख बरोबर कळला. मागणी तरी काय आभाळाएवढी होती? पिंपरीच्या त्या कारखान्यात बायकांची शिफ्ट सुटेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडे. गेटपासून बसथांब्यापर्यंतची वाट बाभळींतून, एका खोल चराच्या कडेने जाई. मागच्या महिन्यातच कुसुमताई त्या चरात पडून हात मोडून घेऊन घरी बसली होती. म्हणून पद्मजाने सगळ्यांच्या वतीने वाटेवर दिवे मागितले. बाकीच्या बहुतेक जणी कायम होत्या, पण साहेबांपुढे तोंड उघडायची वेळ आली की सगळ्यांची दातखीळ बसायची.

जेवणाच्या सुट्टीत तिने ड्रॉइंग खात्यातल्या मुकुंदरावांना गाठले. कंपनीच्या गणपतीतली नाटके तेच बसवत.

"मुकुंदराव, लाइमलाइट म्हणजे काय हो? लाइम म्हणजे लिंबूच ना?"

मुकुंदराव खो खो हसले. "लिंबू कसलं! चुना, चुना. विजेचे दिवे नव्हते तेव्हा विलायती थिएटरात चुन्याचा गोळा ज्योतीवर तापवायचे. त्याचा पांढराशुभ्र झोत नटावर सोडायचे. झोतात आला, तो लोकांच्या नजरेत भरला. पुढे कुणालाही तसं म्हणायला लागले. मिरवणाऱ्यालासुद्धा."

"म्हणजे मी मिरवते?"

मुकुंदरावांनी डब्यात मान घातली. पद्मजाचे डोळे संतापाने भरून आले.

मागे रंगकामावरची ठकुबाई भिंतीला चुना मारत होती. तिचा हात थांबला. "पद्माताई, चुन्याचा उजीड पडतो व्हय?"

"तापवला तर पडतो, ठकुबाई."

"तापवायचं कशाला? आमच्या पिंपळे गुरवात हिरीच्या कडंला चुना मारत्यात. अंधारात बी कड दिसती, मानूस पडत न्हाई."

पद्मजा तिच्याकडे बघतच राहिली. मग डोळे पुसून ती मोठ्याने हसली.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर ती गेटाबाहेर उभी राहिली. "मागणी मागे घेतली असं सांगायला मला साहेबांनी सांगितलंय. मी घेणार नाही. मला म्हणे लाइमलाइट हवाय. हवाच आहे! पण माझ्या तोंडावर नको, आपल्या पायांपाशी हवा. उद्या सुट्टी आहे. येणार का वाटेला चुना मारायला?"

बायका माना खाली घालून थांब्याकडे चालू लागल्या. पण रविवारी ठकुबाई भिजवलेल्या चुन्याची बादली घेऊन आली, आणि तिच्यामागून एकेक करून बाकीच्याही आल्या. त्यांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड मांडले, पांढरे केले. वॉचमन हटकायला आला, तर ठकुबाईने त्याच्या हातात कुंचा दिला.

महिनाअखेर पद्मजाला कामावरून कमी केले. दिवे काही लागले नव्हते.

शेवटच्या संध्याकाळी ती बायकांच्या मागून गेटाबाहेर पडली. पुढे काळोखात पांढरे दगड थांब्यापर्यंत गेले होते. कुसुमताई त्याच दिवशी कामावर परतली होती. चरापाशी आल्यावर तिने खाली पाहिलेसुद्धा नाही, बोलत बोलत पुढे गेली.

पद्मजाच्या बोटांना चुन्याने पडलेल्या भेगा अजून झोंबत होत्या. तिने हात पदराखाली लपवले नाहीत.