अफरीनवरचा फिशपाँड

देवपूरच्या त्या कॉलेजच्या सभागृहात गेलं की कनीज माझ्या शेजारी येऊन बसते. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

आम्ही दोघी इथंच शिकलो. गॅदरिंगला फिशपाँड वाचायची रीत तेव्हाही होती. निनावी चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, त्या स्टेजवरून वाचायच्या, ज्याची टिंगल होईल त्यानं रागवायचं नाही. एकदा कनीजच्या बुरख्यावर चिठ्ठी निघाली. सगळे हसले. ती उठून गेली ती पुन्हा कॉलेजात आलीच नाही. तिला भडगावला दिली. ते हसू मात्र मला या छताखाली अजून ऐकू येतं.

यंदा माझी नात संघमित्रा शेवटच्या वर्षाला. गॅदरिंगला तिच्या मैत्रिणीवर चिठ्ठी निघाली, 'अफरीनच्या बुरख्यात कॉप्या किती मावतात?' प्राचार्यही हसले. पुढची निघाली, 'अध्यक्षांच्या मोर्चाला सुट्टी, पाण्याच्या मोर्चाला नोटीस.' संस्थेच्या अध्यक्षांचा मोर्चा होता त्या दिवशी कॉलेज बंद ठेवलं होतं. होस्टेलला पाणी नाही म्हणून मुली गेटवर बसल्या, तर त्यांना नोटिसा.

या वेळी कोणी हसलं नाही. "कोणी टाकली ही?" प्राचार्यांनी माईकवरून विचारलं. पहिल्या चिठ्ठीला नाव विचारलं नव्हतं. संघमित्रा उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य हितेंद्रसरांनी मला संघमित्राबरोबर बोलावलं.

"अक्का, नातीला समजवा. सोमवारी सगळ्यांसमोर माफी मागू द्या, लगेच हॉलतिकीट देतो."

"आणि अफरीनची माफी?" मी विचारलं.

"तो विनोद होता हो."

"मग माझा काय होता सर, शोकसंदेश?" संघमित्रा म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "बाई, वर्ष जाईल."

"मागते ना माफी. तू ये ऐकायला."

सोमवारी मी खांबाजवळच्या खुर्चीवर बसले. शेजारची रिकामी होती, तरी मी पिशवी तिच्यावर ठेवली नाही.

"गॅदरिंगच्या फिशपाँडबद्दल मी माफी मागते," संघमित्रा माईकवर म्हणाली. हितेंद्रसरांनी मान हलवली. मग तिनं अफरीनवरची चिठ्ठी शब्दन् शब्द म्हणून दाखवली. "हे वाचलं तेव्हा मी गप्प बसले. अफरीन, मला माफ कर."

माईक बंद झाला. मुलींच्या रांगेतून अफरीन उठली. माझा हात आपोआप पुढं झाला, जणू कोणाला तरी धरून बसवायचं होतं. पण अफरीन दाराकडे गेली नाही. ती स्टेजवर चढली आणि संघमित्राजवळ उभी राहिली.

हॉलतिकीट मिळालं नाही. परीक्षेच्या सकाळी अफरीन आमच्या दारात आली. आत येईना.

"मीपण नाही जात," ती म्हणाली.

"वेडी का तू? जा," संघमित्रा म्हणाली. "येताना पेपर घेऊन ये. मला पुढच्या वर्षी लागेल."