राबाचं तूस

छायानं वाफ्याच्या कडेचा भाताचा तरवा मुठीत धरून ओढला. रोपांनी जरासुद्धा जोर लावला नाही, गुच्छच्या गुच्छ वर आला. मुळं पांढरी हवी होती. ती चहात बुडवून काढल्यासारखी तपकिरी होती. तिनं मुळाची माती अंगठ्यानं चोळली. अंगठा चकाकला. तिनं तो नाकाशी नेला आणि तशीच उकिडवी बसून राहिली.

हा वास कसला, हे तिला कुणी सांगायला नको होतं. कारखान्यात रोज आठ तास तिच्या हातांना तोच तेलाचा वास यायचा. जेवायला बसलं की तिसऱ्या घासापर्यंत जायचा नाही.

"करप्याचा रोग पडलाय," बांधावरून फुलाबाई म्हणाल्या. सासूबाईंनी डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ घेतली होती. "पाऊस उघडीपच देत न्हाई, मग काय व्हणार. तू जा, गाडी चुकंल तुजी."

"आत्याबाई, यंदा पेरायच्या आधी राब कशानं भाजला?"

"कशानं म्हंजी? शेनानं. पाल्यानं."

"पाला कुठनं आनला? फारेष्टवाला फांदी तोडू देत न्हाई म्हनून तुमीच चैतात रडत व्हता."

फुलाबाई खाली वाकल्या आणि जिथं तण नव्हतं तिथलं तण उपटू लागल्या.

छाया उठून खोपटात गेली. कोपऱ्यात चार रिकामी पोती घडी करून ठेवली होती. वरच्या पोत्यावर हिरवं पान छापलेलं होतं. तेच पान गेल्या वर्षी कंपनीच्या दर्शनी भिंतीवर रंगवलं होतं.

"तुसाची चार पोती घेतली?"

"समद्यांनीच घेतली. अकरा घरांनी." फुलाबाईंचा आवाज बारीक झाला. "दोन राबाला भाजली. दोन वाफ्यावं तशीच पसरली, तण येत न्हाई म्हनून. फुकट व्हती, छाये."

छायानं पोती पुन्हा घडी करून जागेवर ठेवली. घडी नीट बसेना. तिनं तीनदा केली.

आषाढी पौर्णिमा होती. पहाटे तिनं आठ शीलं घेतली होती, पांढरं लुगडं नेसली होती, आणि दुपारी बारानंतर अन्नाला शिवणार नव्हती. राग आला की श्वास मोजावा, असं भंतेजींनी सांगितलं होतं. वडापच्या जीपमध्ये खिडकीशी बसून मार्गासनीच्या फाट्यापर्यंत तिनं तो शंभरदा मोजला. राग होता तिथंच होता.

तीन वर्षांपूर्वी नसरापूरजवळच्या त्या कारखान्यात ती नवीन लागली, तेव्हा धुलाई खात्यातलं पाणी सरळ ओढ्यात जायचं. गाड्यांचे सुटे भाग मशिनवरून तेलानं माखून यायचे, साबणाच्या पाण्यात धुवायचे, आणि ते काळपट पाणी सोडून द्यायचं. उन्हाळ्यात बोअर आटली की रोज पाच टँकर. एकदा घरी दिव्याचं तेल सांडलं, तेव्हा फुलाबाईंनी त्यावर मूठभर भाताचं तूस टाकलं आणि फरशी कोरडी करून घेतली. दुसऱ्या दिवशी छाया भातगिरणीतून एक पोतं तूस घेऊन कामावर गेली. सगळे हसले. संध्याकाळी टाकीवरचा तेलाचा थर तुसात गेला होता, आणि तेच पाणी परत वापरता आलं.

मग इंजिनियर आले. जाळीचे पिंजरे झाले, एकाला एक जोडून तीन टाक्या झाल्या. पाच टँकरचा एक झाला, साबण निम्म्यावर आला. पुण्याच्या मोठ्या गाडीकंपनीनं हे पाहिलं आणि ऑर्डर दुप्पट केली. मालकांनी, आनंदरावांनी, टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: छाया टाकी. त्या दिवशी तिनं पाटीसमोर उभं राहून फोटो काढला होता. तो अजून मोबाईलमध्ये होता.

भिजलेलं तूस मात्र उघड्यावर टाकायचं नाही, हे तिनंच पहिल्यांदा सांगितलं होतं. त्यासाठी निळी पिंपं आली. असला कचरा रीतसर जाळून टाकणाऱ्या ठिकाणी दर तीन महिन्यांनी ट्रक जायचा. दिवाळीनंतर पिंपं दिसेनाशी झाली. ट्रक आता रात्रपाळीत येतो, असं तिला सांगितलं गेलं, आणि तिनं ते खरं मानलं.

गेटवर कंपनीचा टेम्पोवाला रफीक टेम्पोची ताडपत्री बांधत होता. छायाला पाहिल्यावर त्यानं दोरी सोडून दिली.

"तूस तू नेलंस?"

"मालकांनी सांगितलं, ताई. वेल्ह्याकडं जातोसच, तर वाटेत टाक म्हणाले."

"आणि वस्तीवर काय सांगितलंस?"

"जे खरं ते. छायाताईंच्या टाकीतलं हाय." तो तिच्याकडं न बघता बोलत होता. "पहिल्या दिवशी कुणी घेत नव्हतं. म्हातारे म्हणाले, वास मारतंय. तुमचं नाव काढलं, तशी एका तासात गाडी मोकळी. आपल्या पोरीनं शोधलंय म्हणून."

छायानं ताडपत्रीचं सुटलेलं टोक उचलून आत पाहिलं.

"आठ दिवसांमागं फुलामावशींनी फोन केला. तरवा जळाला म्हणाल्या. मला वाटलं, शिव्या घालणार. तर म्हणाल्या, छायाला कळू देऊ नगंस. सगळ्या घरांनी बसून ठरवलंय, करपा पडला म्हणायचं. तक्रार केली तर तिचंच नाव निघंल."

"आठ दिवस."

"मी तरी काय करणार, ताई?"

"सांगायचं," छाया म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खाली होता. रफीकनं ताडपत्रीची गाठ पुन्हा मारायला घेतली, पण हाताला दोरी लागेना.

आनंदराव केबिनमध्ये नव्हते. ते टाकीपाशी उभं राहून फरशी पुसून घेत होते. गाडीकंपनीची माणसं अकराला येणार होती. फुलांची परडीसुद्धा आणली होती.

"ये, छाया. पांढरं लुगडं, छान केलंस. फोटोत उठून दिसेल."

"साहेब, तूस वस्तीवर गेलंय."

"हो मग? गरिबांच्या उपयोगाला आलं." त्यांनी भिंतीकडं हात केला. नवीन पाटी होती, रंग ओलाच होता: शेतातून आले, शेतात गेले. "बघ. शून्य कचरा. कल्पना माझी."

"शेतातनं तूस आलं. तेल न्हाई आलं."

"थोडंफार तेल राहतंच. जळून जातं ते."

"वरचं जळालं. खालचं मातीत उतरलं. अकरा घरांची लावणी दहा दिवसांवर आहे, आणि लावायला तरवा नाही."

आनंदरावांनी पुसणाऱ्या माणसाला लांब जायची खूण केली. मग ते समजूत काढायच्या स्वरात बोलले.

"हे बघ. आजचा दिवस जाऊ दे. उद्या घराला एकेक पोतं युरिया देतो."

"युरिया कशावर टाकायचा, साहेब?"

"छाया."

"पाणी वाचलं. साबण वाचला. टँकर कमी झाले, ऑर्डर वाढली. त्यातून तीन महिन्यांतनं एक ट्रक जड झाला तुम्हाला?" तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घट्ट धरले होते. "माझी टाकी खोटी नव्हती. तुम्ही तिला खोटी केली."

आनंदरावांनी टाकीतल्या पाण्याकडं बघितलं. पाणी इतकं निवळ होतं, की तळाची वेल्डिंगची रेघ दिसत होती.

"ऑर्डर गेली तर दीडशे माणसं घरी बसतील," ते म्हणाले. "त्यात तुझ्या वस्तीची नऊ. आणि कागदावर नाव कुणाचं निघेल? टाकीवर कुणाचं आहे? तू देवाधर्माची बाई आहेस. तुला खोटं बोलायला मी सांगतच नाही. फक्त विचारलं नाही ते बोलू नकोस."

छायानं पिंजऱ्याची कडी काढली आणि आतलं तूस बदलायला घेतलं. ते काम तिच्या पाळीचं होतं. काळं पडलेलं तूस ती मुठीमुठीनं बादलीत टाकत होती. प्रत्येक मूठ आधी पिळत होती, जितकं पिळून निघेल तितकं.

पाहुणे तिघं होते. बोलत होत्या त्या अजरा मॅडम, गाडीकंपनीच्या. पायात साधे रबरी बूट, हातात वही. त्यांनी फुलं बाजूला ठेवली, पाटी वाचली आणि थेट छायाकडं आल्या.

"ही टाकी तुमची ना? मला तुमच्याकडूनच समजून घ्यायचंय."

छायानं सांगितलं. पहिल्या टाकीत काय होतं, तूस कधी बदलायचं, कोणत्या गिरणीचं चांगलं, पाणी किती दिवस फिरतं. अजरा मॅडम मध्येच थांबवून विचारत होत्या, लिहून घेत होत्या. एकदा त्यांनी ओंजळभर पाणी उचलून बघितलं आणि मान हलवली. आनंदराव हसून म्हणाले, "बाई शाळा शिकल्या असत्या, तर आम्हाला नोकरीवर ठेवलं असतं त्यांनी."

"मग हे भिजलेलं तूस पुढं कुठं जातं?"

"शेतीला," आनंदराव म्हणाले. "आसपासचे शेतकरी मागून नेतात. राब म्हणून एक जुनी पद्धत आहे आमच्याकडं, बियाणं टाकायच्या आधी जमीन भाजतात..."

"मी छायाताईंना विचारलं."

छायानं बादली खाली ठेवली. नऊ माणसं, असं तिच्या मनात आलं. त्यातली चार तर तिनंच शब्द टाकून लावलेली.

"गुंजवण्याला जातं," ती म्हणाली. "आमच्या वस्तीवर. अकरा घरांचा तरवा जळालाय."

पंखा फिरत होता. कुणीतरी लांब हवेचा पाइप बंद केला.

"मॅडम, हिच्या घरचं काहीतरी..." आनंदरावांनी सुरुवात केली आणि शब्द बदलले. "हे बघा, पद्धत हिची. हिच्याच नावावर लोकांनी नेलं. विचारा तिला."

"व्हय," छाया म्हणाली. "माझ्याच नावावर नेलं. म्हणून तर कुणी तोंड उघडलं नाही." ती अजरा मॅडमकडं वळली. "टाकी बंद करू नका, बाई. टाकी चांगली आहे. ट्रक बंद केला, ते वाईट. तुम्ही नुसतं लिहून नेलंत, तर हे करपा म्हणतील, वस्तीपण करपाच म्हणेल. आज तरवा उभा आहे. दोन दिवसांनी लोक त्यावर नांगर फिरवतील, मग काही दिसणार नाही. गाडी बांधापर्यंत जाते."

अजरा मॅडमनी घड्याळ बघितलं नाही. वही मिटली.

गाडीत छाया मागं बसली होती. आनंदराव आपल्या गाडीतून मागोमाग येत होते. वस्तीजवळच्या धरणाची भिंत दिसू लागली, तेव्हा बारा वाजून गेले होते. ड्रायव्हरनं बिस्किटाचा पुडा पुढं केला, तिनं हात जोडले.

वस्तीवरच्या बाया बांधावर जमल्या. बाप्ये जरा लांब, आंब्याखाली थांबले. अजरा मॅडमनी बुटांसकट वाफ्यात उतरून रोपं उपटली, वास घेतला, माती पिशवीत भरली. एकेका वाफ्याचा फोटो काढला. मग त्या बायांसमोर आल्या.

"मला तुमचं म्हणणं लिहून हवंय. ते असल्याशिवाय मला पुढं काही करता येणार नाही. तूस कुणाचं होतं? कुणाच्या शब्दावर घेतलंत?"

बाया एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या अंबूबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून छायाच्या पांढऱ्या लुगड्यावर येत होत्या आणि तिथून खाली चिखलात जात होत्या. आनंदराव गाडीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती.

छाया चिखलातून चालत फुलाबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, सांगा."

"तुजं नाव हाय गं त्यात."

"व्हय. तेच आदी सांगा. मग मालकाचं."

फुलाबाईंनी सुनेकडं बघितलं. डोक्यावरची खोळ काढून काखेत धरली. घसा खाकरून साफ केला.

"छाया," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "माजी सून," आणि वहीवर पेन चालू लागेपर्यंत थांबल्या.