चंद्रिका थिएटरचा शेवटचा रविवार

कोलकात्यात हातीबागानच्या चंद्रिका थिएटरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी ती तोंडाने बोलून दाखवत नसे. सुरमा आणि पुलकेश रंगमंचावर आई-मुलगा होते आणि रंगमंचाबाहेर एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते.

गुरुवारी आणि शनिवारी एकेक खेळ, रविवारी दोन. दर खेळात तुरुंगातून सुटून आलेला मुलगा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडे. आई त्याच्या केसांतून बोटं फिरवत, तान्ह्या बाळाला बंगालीत हाक मारावी तसं म्हणे, "खोका, किती वाळलास रे." बाल्कनीतल्या बायका पदराने डोळे टिपत. पडदा पडला की सुरमा पदर झटकून उठे आणि मागे न बघता आपल्या खोलीकडे चालू लागे. पुलकेश मान खाली घालून दुसऱ्या बाजूने निघून जाई.

"देवळातल्या घंटेसारखी माया आहे बाई हिची," कपडेपट सांभाळणारी पारुल म्हणायची. "वाजवली की वाजते, एरवी नुसतं गार पितळ."

पुलकेश तिचा जावई होता.

सुरमा मूळची पूर्व बंगालातल्या बारिशालची. फाळणीच्या लोंढ्यात आली तेव्हा पंधराची होती. कुठूनतरी ओळख निघाली आणि चंद्रिकाचे मालक भुवनबाबू यांनी तिला पाण्याची घागर घेऊन एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या दासीचं काम दिलं. त्या दासीची पुढे नायिका झाली, मग वहिनी, मग आई. मधल्या काळात लग्न झालं, नवरा टायफॉइडने गेला, पदरात एक मुलगी राहिली. रूपसा तिचं नाव. या मुलीला सुरमाने थिएटरचा वारा लागू दिला नाही. शिकवलं, शाळेत मास्तरीण केलं. आणि पोरीने नवरा निवडला तो थिएटरातलाच.

"सगळं कोलकाता सोडून हाच सापडला का तुला?" सुरमा म्हणाली होती. "अगं, आठवड्यातून चारदा माझ्या मांडीवर रडतो तो. आता घरीही येऊन रडणार."

"घरी मी रडू देणार नाही त्याला," रूपसा हसत म्हणाली होती.

लग्नानंतर पुलकेश तिला थिएटरातही मा म्हणायला लागला. तिघं एकाच घरात, बागबाजारच्या दोन खोल्यांत राहत. सुरमाला वाटायचं, एवढं सुख आपल्या नावावर लिहिलेलं असेल हे कधी ध्यानीमनी नव्हतं.

मग तो रविवार आला. रूपसाला सातवा महिना होता. सकाळपासून अंगात कणकण होती. सुरमा घरी थांबते म्हणाली, तर पोरीनेच तिला हाताला धरून दारापर्यंत नेलं. "तू घरात राहिलीस की माझं डोकं खातेस. जा बघू." दुपारचा खेळ झाला. मधल्या वेळात सुरमा आपल्या खोलीत पडली होती, तेव्हा थिएटरच्या ऑफिसात शेजाऱ्यांचा फोन आला, की रूपसाला इस्पितळात नेलंय. मॅनेजर फटिकबाबूंनी निरोप पुलकेशला दिला. पुलकेशने तो सासूला सांगितला नाही. संध्याकाळचा खेळ झाला, शेवटचा पडदा पडला आणि मग तो तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "मा, चला. रूपसा गेली."

निमतला घाटावर, चिता पेटायच्या आधी, सुरमा सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाली, "फोन येऊनही तू रंग फासून उभा राहिलास. माझी पोर तिकडे एकटी तडफडत होती आणि तू टाळ्या घेत होतास. पुन्हा मला मा म्हणू नकोस."

पुलकेश काहीच बोलला नाही. आठवड्याभरात तो आपलं सामान घेऊन बेलगाछियाला एका खोलीत राहायला गेला. फटिकबाबूंनी दोनदा काही सांगायचा प्रयत्न केला, पण सुरमाने दोन्ही वेळा हात वर करून त्यांना थांबवलं. "त्याचं नाव माझ्यासमोर काढू नका."

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी पुलकेश मांडीवर रडला तो असा, की तिचं लुगडं भिजलं. सगळं थिएटर सुन्न झालं होतं. प्रवेश संपल्यावर विंगेत ती त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली होती, "आज छान केलंस हं, खोका." हे वाक्य तिच्या गळ्यात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. ते आठवलं की तिचा त्याच्यावरचा राग नव्याने पेटे.

अशी आठ वर्षं गेली. मधे दुसरी नाटकं लागली, पडली, आणि प्रत्येक वेळी भुवनबाबू पुन्हा हेच नाटक काढत. लोकांना ती आई हवी असायची. मग भुवनबाबू वारले. घरोघरी टेलिव्हिजन आला. रस्त्यापलीकडच्या थिएटरने नाटकात तोकड्या कपड्यांतले नाच घातले, तेही फार दिवस चाललं नाही. चंद्रिकाची बाल्कनी बंद झाली आणि तिथे पारव्यांनी संसार थाटले. फिरता रंगमंच फिरवायला खाली जी माणसं लागत ती कमी होत गेली, आणि तो फिरताना म्हाताऱ्यासारखा कण्हू लागला. भुवनबाबूंच्या मुलांनी एक दिवस सगळ्यांना बोलावून चहा-समोसे दिले आणि सांगितलं, की जागा विकली आहे, इथे साड्यांचं मार्केट होणार.

"चला, बरं झालं," पारुल म्हणाली. "आजवर लुगडी नेसवली, आता विकायला बसू." कुणी हसलं नाही. तीही नाही.

शेवटच्या रविवारी एकच खेळ होता, दुपारी तीनचा. सुरमा लवकर आली. मेकअपच्या खोलीबाहेर रामकृष्ण परमहंसांची तसबीर होती. तिथे तिने रोजच्यासारखं डोकं टेकलं. पुलकेश आधीच येऊन तिथे उभा होता. तो बाजूला सरकला आणि ती पुढे गेली. आज शेवटचं आहे, हे दोघांच्याही मनात होतं. उद्यापासून या माणसाचा आवाज आपल्या कानी पडणार नाही, असा विचार सुरमाच्या मनात आला आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. मग ती केसांना पांढरा रंग लावायला बसली. आता त्याची गरज उरली नव्हती, तरी सवय म्हणून लावला.

निम्मं थिएटर भरलं होतं. बरेचसे म्हातारे होते, काही मुद्दाम शेवटचं म्हणून आलेले. दुसरा अंक आला. मुलगा उंबऱ्यात आला, आईने बघितलं, रंगमंच फिरायला लागला, अंगणातून स्वयंपाकघर पुढे यायला निघालं. पुलकेशने तिच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि वीज गेली.

वीज जाणं काही नवीन नव्हतं. पण थिएटरचा जनरेटर दोन महिने बिघडून पडला होता आणि बंद होणाऱ्या थिएटरसाठी कोण दुरुस्त करतो. पडदा ओढला गेला. विंगेतून फटिकबाबूंचा आवाज आला, "सुरमादी, हलू नका. खालच्या माणसांना काही दिसत नाही, रंगमंच अर्धवट अडकलाय, फटीत पाय जाईल. पुलकेश, तूही बस तिथेच. मी मिठाईवाल्याचा पेट्रोमॅक्स घेऊन येतो."

बाकीचे भिंत चाचपत गल्लीत हवा खायला गेले. पडद्यापलीकडे लोक कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेत होते, त्याची फडफड ऐकू येत होती. इकडे काळोख मिट्ट. पुलकेशने डोकं उचललं. सुरमाला तो दिसत नव्हता, पण श्वास हातभरावर ऐकू येत होता.



"मी गेलो होतो," पुलकेश म्हणाला.

 सुरमाला वाटलं, नाटकातलंच काही आहे.

"त्या दिवशी, दोन खेळांच्या मधे. फोन आला तसा टॅक्सी करून इस्पितळात गेलो. तुम्ही झोपला होतात. म्हटलं, बघून येतो, मग सांगतो. पोहोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं."

"खोटं बोलतोस."

"फटिकबाबूंना विचारा. रंग न पुसताच गेलो होतो. दारावरचा माणूस मला आत सोडेना, कोण सोंगाड्या आलाय म्हणून."

सुरमाच्या हाताची बोटं एकमेकांत अडकली. "मग परत आलास कशाला?"

"तुम्हाला सांगायला. धावतच आलो. तुमच्या दारात उभा राहिलो. तुम्ही आरशासमोर बसला होतात. आरशातूनच मला म्हणालात, 'पुलकेश, पोरीच्या डोहाळजेवणाला पाच प्रकारची तळणं करायची की सात?' आठवतंय?"

तिला आठवलं. इतकी वर्षं ते कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

"मी 'सात' म्हणालो," पुलकेश म्हणाला. "तोंडातून दुसरं काही निघालंच नाही. मग घंटा झाली. मला वाटलं, आता सांगितलं तर आत्ताच हिची पोर मरेल. नाही सांगितलं तर निदान पडदा पडेपर्यंत तरी ती जिवंत आहे. तेवढे दोन-तीन तास तुमच्याकडून काढून घ्यायचं मला जमलं नाही, मा."

'मा' हा शब्द त्याच्या तोंडून निसटला आणि तो थांबला.

"आणि मी तुला म्हणाले, छान केलंस." सुरमाचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"हो."

"घाटावर का नाही बोललास? मी तुला काय काय बोलले."

"बोलून काय होणार होतं? तुमच्याकडे एक राग तेवढा शिल्लक होता. तोही काढून घेतला असता तर तुम्ही उभ्या कशाच्या आधारावर राहिल्या असतात?"

पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं. सुरमाला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी वर आलं.

"तुला मला विचारायला हवं होतं," ती हळू म्हणाली. "तुझा हेतू चांगला होता, कळतंय मला. पण ते तीन तास माझे होते. मी तिच्याजवळ बसले असते. अंग गार पडायच्या आधी तिचा हात हातात घेतला असता. मी आले तेव्हा ती लाकडासारखी झाली होती, पुलकेश."

 पुलकेश म्हणाला, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच नव्हतं आलं."

आणि तो रडू लागला. तिने हात पुढे केला, अंधारात तो त्याच्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला. जवळही ओढवेना आणि मागेही घेववेना.

पेट्रोमॅक्स आला. फटिकबाबूंनी तो विंगेत टांगला, पडदा वर गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पांढऱ्या फसफसत्या उजेडात दोघांनी उरलेलं नाटक केलं. तिसऱ्या अंकात सुरमा एका ठिकाणी अडली, पुलकेशने हळूच तिला पुढचा शब्द दिला. शेवटी लोक उभे राहिले, फुलं आली, भुवनबाबूंच्या थोरल्या मुलाने भाषण केलं. पारुल लुगड्यांच्या ट्रंकेवर बसून हमसून हमसून रडत होती. सुरमाने तोंड धुतलं आणि ती कुणाशी न बोलता रिक्षात बसून घरी गेली.

पुलकेशला चितपूरच्या एका जात्रा कंपनीत, म्हणजे फिरत्या नाटकमंडळीत, काम मिळालं. दुर्गापूजेनंतर कंपनी गावोगाव हिंडायला निघणार होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो बागबाजारला आला आणि दारात चपला न काढता उभा राहिला.

"निरोप घ्यायला आलो."

"चहा घेऊन जा," सुरमा म्हणाली. "उभ्याउभ्या निरोप घेऊ नये."

तो आत येऊन खिडकीशी बसला. तिने वाटीत मुरमुरे दिले, वर कांदा आणि मोहरीचं तेल. त्याला ते आवडतं हे तिला आठवत होतं. तो दोन घास खाऊन थांबला. रस्त्यावर केळीवाला ओरडत गेला. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. आठ वर्षं दोघांच्या तोंडी जी वाक्यं होती ती दुसऱ्या कुणी लिहिलेली होती.

शेवटी सुरमाच बोलली. "तू पोहोचलास तेव्हा ती कशी दिसत होती? मी नीट पाहिलंच नाही. मला काही दिसतच नव्हतं त्या दिवशी."

पुलकेशने वाटी खाली ठेवली. "झोपल्यासारखी. कुणीतरी तिचे केस मागे सारून एक वेणी घातली होती. नर्स असेल. उजव्या हाताच्या बोटाला लाल शाई होती. सकाळी पोरांचे पेपर तपासत बसली असणार."

"ऐकायचीच नाही कधी."

"अंग अजून कोमट होतं. मी हात धरून बसलो थोडा वेळ." तो थांबला. "तुमच्या वाटचाही धरला, असं म्हणता येणार नाही. पण धरला."

सुरमाने मान हलवली. मग तिने विचारलं, "आणि बाळ?"

"मुलगी होती."

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ती उठली, आत गेली, चुलीजवळ उभी राहिली. दूध उतू जाऊ लागलं तरी तिला दिसलं नाही. पुलकेशने येऊन भांडं खाली उतरवलं. तेव्हा ती रडली. आठ वर्षांचं सगळं रडली आणि तो फडक्याने चूल पुसत राहिला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

दुपारी तो निघाला तेव्हा तिने दार लावलं नाही. जिन्याच्या वळणापर्यंत ती बघत उभी राहिली.

हिवाळ्यात चंद्रिका पाडायला सुरुवात झाली. सुरमा तिकडे फिरकली नाही. बाजाराला जायचं तर ती लांबच्या रस्त्याने जाई. जात्रेच्या हंगामात पुलकेशचं पोस्टकार्ड कधी बर्दवानहून येई, कधी मेदिनीपूरहून. त्यात दोनच ओळी असत, खोकला बरा आहे, पाऊस नाही. हंगाम संपला की तो एक दिवस येऊन जेवून जाई. एकदा जेवताना त्याने विचारलं, "मुलीचं नाव काय ठेवलं असतं?" सुरमाने त्याच्या पानात भात वाढला, वरण वाढलं. मग म्हणाली, "रूपसाने ठरवलं असतं. आपलं कुठे ऐकलं असतं तिने."